टोपलीतलं आणि बर्फातलं

"आधी ऐकून घेऊ," असं म्हणून ते कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावत.

तुम्ही दुरुस्तीवाले पुष्कळ पाहिले असतील. बहुतेक जण आल्या आल्या स्क्रू काढायला घेतात, नाहीतर मान हलवून "नवाच घ्या" म्हणतात. दादांचं तसं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवायचा, डावा तळहात डब्यावर ठेवायचा, कान पत्र्याला लावायचा आणि उजवा हात हवेत धरायचा. खोलीतल्या सगळ्यांनी गप्प बसावं, असा त्या हाताचा अर्थ. आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशा पाच पाट्या आहेत. त्या पाचांना मिळून जे जमलं नाही, ते त्या एका हाताला जमायचं. आमचे अध्यक्षसुद्धा गप्प बसत. अध्यक्षांना ज्यांनी एकदा तरी ऐकलं आहे, त्यांना यातलं मोठेपण कळेल.

मी वाशीतल्या त्या वाचनालयाची ग्रंथपाल. दादांचा गाळा समोरच्या शॉपिंग सेंटरमध्ये, जिन्याखाली. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला ब्लाऊज शिवणाऱ्या बाई. गाळ्यात दोन माणसं मावत, पण एकाने श्वास सोडल्यावरच दुसऱ्याने घ्यावा, इतपत. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणे. ते मूळचे करावे गावचे. वडिलांची शेती होती, ती शहराखाली गेली. "आमचं शेत हाय अजून," ते सांगत, "त्या मॉलच्या पार्किंगखाली. आपल्याच शेतात गाडी लावायची तर मनाच पावती फाडायला लागते." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नसे. शेजाऱ्याची गंमत सांगावी तसं सांगत.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले, तेव्हा वाचनालयाचा एकुलता एक कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. पुस्तक आहे की नाही हे शोधायला सभासदाने नाव सांगावं, मी ते टाइप करावं, मग आम्ही दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करावी, घरातल्या सगळ्यांची करावी, आणि तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असावं. त्याच मशीनमध्ये आमच्या व्याख्यानमालेची सगळी ध्वनिमुद्रणं होती, आजूबाजूच्या गावांचे जुने फोटो होते आणि अध्यक्षांची पंधरा भाषणं होती. कार्यकारी मंडळ नवा कॉम्प्युटर घ्यावा की घेऊ नये, यावर तीन बैठका खर्ची घालून चहाच्या दर्जाबद्दल एकमत करून उठलं होतं.

दादांनी कान लावला. आतून कुरकुर ऐकू येत होती.

"मशीनला काय झालेलं नाय," ते म्हणाले. "हे आत फिरतंय ना, ही जुनी हार्ड डिस्क. बिचारी धावून धावून दमलीय. तिच्या पुढं एक छोटी नवी डिस्क बसवू. एसएसडी."

"म्हणजे जुनी काढून?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय साहेब. दोन्ही ठेवून." मग त्यांनी पाच-सहा सुशिक्षित माणसांच्या मंडळाला जे समजावलं, ते मी त्यांच्याच शब्दांत देते. "माझी आय मासली विकायची. तिच्याकडं दोन जागा. पुढं टोपली, मागं बर्फाची पेटी. लोक जे रोज मागतात ते टोपलीत. हात घातला की हातात. जे कवातरी कोन मागेल, ते बर्फात. पेटी मोठी, पन त्यातनं काय काढायचं म्हंजे बर्फ उपसायला लागतो. तुमच्या मशीनकडं नुसती पेटी हाय. गिऱ्हाईक बांगडा मागतंय, नि तुमी रोज आख्खा बर्फ उपसताय."

"आणि ही नवी डिस्क जुनीपेक्षा लहान, वर महाग?" खजिनदारांनी डोळे बारीक केले.

"पापलेटं पन टोपलीत चारच असतात."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "परंतु कोणती फाईल टोपलीत ठेवायची, हे कोण ठरवणार? मला वाटतं, त्यासाठी एक उपसमिती..."

"गिऱ्हाईक ठरवनार," दादा म्हणाले.

पुढचं सगळं या दोन शब्दांमुळे घडलं.

दादांनी डिस्क बसवली आणि एक छोटासा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. वाचनालय उघडायच्या आधी तो रोज मोजणी करायचा. महिनाभरात कोणती फाईल किती वेळा उघडली गेली, ते बघायचा. जास्त मागणीच्या फायली नव्या डिस्कवर आणायचा, न मागितलेल्या जुन्या डिस्कवर धाडायचा. महिन्याच्या एक तारखेला मागणीची यादी छापून द्यायचा. दुसऱ्याच दिवशी पुस्तकांची नावं विचारता क्षणी दिसू लागली. दोन ज्येष्ठ सभासदांनी तक्रार केली की हल्ली ग्रंथपाल बाई पूर्वीसारख्या बोलत नाहीत.

मजुरी विचारली, तर दादांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

"यात आयची गानी हायेत. अकरा. तेवढी तुमच्या मशीनमधे ठेवा, मॅडम. दुसरं काय नको."

त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नांत हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणणारी बाई. ती आल्याशिवाय हळद लागायची नाही. सकाळी मासळीची टोपली, संध्याकाळी कुणाच्या तरी मांडवात गाणं, असं तिचं आयुष्य गेलं. शेवटी लकव्याने तिचा आवाजच गेला. त्याच्या थोडं आधी दादांनी ही गाणी फोनवर घेतली होती. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"इथे कशाला ठेवता?" मी म्हणाले. "तुमच्या गाळ्यात डिस्कांचा ढीग आहे."

"त्या बिघडलेल्या. नि ही लायब्ररी हाय. इथं ठेवलं म्हंजे ठेवलं."

या माणसाने आयुष्यात कधी वाचनालयातून पुस्तक नेलं नव्हतं. मी मात्र कसरीने खाल्लेले कोश पाहिले होते, पानं फाडून नेणारे प्राध्यापक पाहिले होते आणि आमचं कार्यकारी मंडळ तर जवळून पाहिलं होतं. तरी त्यांच्या तोंडावर ते सांगायचा धीर मला झाला नाही. मी गाणी उतरवून घेतली.

दोन महिन्यांनी ते मेहुण्याबरोबर खाडीवर चिंबोऱ्या पकडायला गेले, वाकले, आणि शर्टाच्या खिशातला फोन चिखलात गेला. "चिंबोरी गावली, फोन गेला," एवढंच सांगितलं.

"गाण्यांची दुसरी कॉपी आहे ना कुठे?"

"हाय ना. लायब्ररीत."

म्हणजे ती दुसरी नव्हे, एकुलती एक. गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला "दोन जागी ठेवा, दोन जागी" म्हणून दटावणाऱ्या माणसाने स्वतःची वस्तू एकाच जागी ठेवली होती. मी म्हटलं तर म्हणाले, "काढू की. टेन्शन काय हाय?" आणि काढली नाही.

दर गुरुवारी, त्यांचा गाळा बंद असे तेव्हा, ते 'चेकिंग'ला येत. कान लावत, मग कानात तारा घालून कोपऱ्यात बसत. सुरुवातीला मला वाटायचं, मशीनचंच काही तपासतात. एकदा चहा द्यायला गेले, तर डोळे मिटलेले आणि बोटं मांडीवर ठेका धरून. मी चहा ठेवून परत आले. पुढे कधीतरी ते मला मॅडमऐवजी 'बाय' म्हणू लागले. त्यांच्याकडे बहिणीला बाय म्हणतात.

दरम्यान, अध्यक्षांनी या सुधारणेचं रीतसर उद्घाटन करायचं ठरवलं. माणसाच्या तळहाताएवढ्या डिस्कसाठी 'संगणक कक्षा'ची ग्रॅनाइटची पाटी बनली. कक्ष म्हणजे वर्तमानपत्रांच्या रॅकमागचा कोपरा. पाटी ठरली त्याच बैठकीत दादांनी सांगितलं होतं, "साहेब, जुनी डिस्क कवापन जाईल. कॉपी काढायला अजून एक डिस्क घेऊन ठेवा." तो विषय पुढच्या सभेवर गेला. पाटी मात्र वेळेत आली. तिच्यावर अध्यक्षांचं नाव सोनेरी होतं आणि 'संगणक'मधला ण पुसट. ज्याने काम केलं, त्याचं नाव अर्थातच नव्हतं. दादा पेढा खाऊन म्हणाले, "दगड चांगला हाय. मासली कापायला असाच लागतो."

मग एक तारीख उजाडली आणि यादी छापून आली. अध्यक्षांनी ती कौतुकाने हातात घेतली. वरून खाली वाचत गेले. पहिली पुस्तकसूची, दुसरी सभासदांची नावं. पाचव्या जागेवर 'धवले'. गावांचे फोटो, पाककृती, स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. पान उलटलं. 'वाचनसंस्कृती : काल, आज आणि उद्या', अध्यक्षीय भाषण, एक तास पन्नास मिनिटं. मागणी : शून्य. जागा : जुनी डिस्क.

"माझं भाषण बर्फात?" अध्यक्ष म्हणाले. मंडळाच्या भाषेत आता टोपली आणि बर्फ रुळले होते.

"बर्फात टिकतं, साहेब," दादांनी समजूत घातली.

"ते टोपलीत आणा."

"कुनी मागितलं की आपोआप येईल."

"मी मागतोय ना!"

"तुमी दुकानदार, साहेब. दुकानदारानं मागून कसं चालंल?"

अध्यक्ष निवृत्त अधिकारी. नियमाला बगल देता येत नसेल, तर नियमाचा आधार घ्यावा, हे त्यांना सेवेतच कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून झाडलोट करणाऱ्या मावशींना तोंडी आदेश गेला, की सकाळी कचरा काढताना ते भाषण लावायचं. रोज. मावशी मूळच्या जालन्याकडच्या, फटकळ. आठवड्याने मला म्हणाल्या, "बोलत्यात झ्याक, पण बाई, माझं सगळं झाडून-पुसून होतं, तरी हे मुद्द्यावर येईनात."

पुढच्या यादीत भाषण तिसऱ्या जागेवर होतं. टोपली लहान. एवढं मोठं भाषण आत आलं, म्हणजे काहीतरी बाहेर जाणार. 'धवले' बाहेर गेले. आठवड्यातून एकदा ऐकणारं एक गिऱ्हाईक रोजच्या झाडूपुढे टिकलं नाही.

त्या गुरुवारी दादांनी गाणं लावलं आणि ते सुरू व्हायला वेळ लागला. आतून जुन्या डिस्कची कुरकुर आली. ते कानातल्या तारा नीट करत बसले. मीच चिडले.

"प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय ना? एक ओळ घाला, गाणी कायमची पुढे ठेवा."

"नको, बाय. आयनं कधी वशिल्यानं मासली पुढं मांडली नाय."

"अहो, ती डिस्क म्हातारी झालीय. तुम्हीच म्हणालात, कधीही जाईल. निदान कॉपी तरी काढा."

"पुढच्या गुरवारी नवा पेन ड्राइव्ह घेऊन येतो."

पुढच्या गुरुवारच्या आधी मंगळवार आला. सकाळी मशीनमधून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना घेऊन आले. दादांनी कान लावला, हात वर केला. आम्ही सगळे गप्प. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो उतरला.

"डोकं आपटतेय," ते म्हणाले. "थोडी चालते, गरम होते, की थांबते. जेवढं निघेल तेवढं आजच काढायला लागेल."

अध्यक्षही धावत आले. "माझं भाषण?"

"ते टोपलीत हाय, साहेब. त्याला काय होत नाय." दादांच्या आवाजात कडवटपणा मी ऐकला तो तेवढा एकदाच.

मग त्यांनी जे केलं, ते कोणत्याही पुस्तकात शोधू नका आणि घरी करूही नका. तेच म्हणाले, "शहाना मानूस हे करत नाय, पन आता शहान्याचं काम राहिलं नाय." वाशीच्या मासळी बाजारात आईच्या जागेवर आता त्यांची बहीण बसे. तिच्याकडून थर्माकोलची पेटी आली, बर्फासकट. दादांनी डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळली, फक्त तार बाहेर ठेवली, आणि ती बर्फात पुरली. वाचनालयात बोंबलाचा वास पसरला. वर्तमानपत्र वाचणारे दोघे उठून गेले. एक जण नुकताच आला होता, त्याने भाव विचारला.

डिस्क गार झाली की दहा-बारा मिनिटं चाले. तेवढ्यात जे उतरेल ते उतरवायचं. दादांनी एका कागदावर क्रम लिहिला होता. गावांचे फोटो, व्याख्यानं, प्रश्नपत्रिका, अध्यक्षांची उरलेली चौदा भाषणं. सगळ्यात खाली, 'धवले'.

"दादा, ती आधी घ्या," मी म्हणाले.

"ते माझं हाय. हे लोकांचं हाय."

"अध्यक्षांची चौदा भाषणं लोकांची?"

"लायब्ररीची हायेत. कुनीतरी कवातरी मागेल."

कोणीही कधीही मागणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बहुधा अध्यक्षांनाही. कारण अकराव्या भाषणाच्या वेळी ते खुर्चीवरून उठले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पुढची राहू द्या. तुमचं घ्या."

"तीनच रायलीत, साहेब."

"मी सांगतोय ना, राहू द्या. त्यात तेच आहे."

अध्यक्षांचं सगळ्यात थोडक्यात झालेलं भाषण ते.

गाणी उतरू लागली. एक, दोन, तीन. बर्फाचं पाणी झालं होतं. मावशींनी पेटीतलं पाणी बादलीत काढलं आणि खालच्या कुल्फीवाल्याकडून पुन्हा बर्फ आणला. चार, पाच. दादांनी पेटीत वाकून कान लावला होता, त्यांच्या कानावरून पाणी ओघळत होतं. सहा, सात. आठवं अर्ध्यात असताना टकटक थांबली. त्यानंतर ती परत सुरू झाली नाही.

दादा तसेच वाकून राहिले. हात वर होता. आम्ही कुणी बोलत नव्हतो, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. मग म्हणाले, "गेली."

"मला कल्पना नव्हती," अध्यक्ष म्हणाले. "माझ्या त्या भाषणामुळे तुमची गाणी..."

"तुमचा काय दोष, साहेब? गिऱ्हाईक तुमचं जास्त होतं." आणि पेटी उचलून ते बहिणीला परत द्यायला गेले.

पुढच्या सभेत कॉपीसाठी जास्तीची डिस्क मंजूर झाली. माहितीच्या जतनाचं महत्त्व यावर अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले. ते भाषणही मशीनमध्ये आहे. वाचवलेली अकरा भाषणं मी मध्ये एकदा तपासली, सगळी ठीक आहेत. त्यांना अजून बोंबलाचा वास येतो, असं मला मात्र वाटतं.

दादांनी नवी मोठी हार्ड डिस्क बसवली, टोपली तीच ठेवली. सात गाणी आता दोन जागी होती, एक कॉपी माझ्या घरीही. वशिला त्यांनी तेव्हाही लावला नाही. गुरुवारी येत, पहिलं गाणं सुरू व्हायची वाट बघत, आणि गेलेल्या चारबद्दल कधी बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "हळदीचं रायलं, बाय. वरातीचं गेलं. म्हंजे नवरी अजून घरातच हाय."

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, गाळ्यातच छातीत कळ आली आणि ते गेले. झेरॉक्सवाल्याने येऊन सांगितलं. करावेला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ओटीवर पाच-सहा उघडे कॉम्प्युटर होते. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी आवाज : 'शिट्टी मारतो', 'घोरतो', 'गप हाय'.

मग दर गुरुवारी मी ती गाणी लावू लागले. वशिला नव्हे, मी सभासदही आहे, वर्गणी भरते. आठवड्यातून एकदा ऐकून ती टोपलीत येणार नाहीत, हे ठाऊक होतं. बर्फात असली, तरी कुणीतरी मागतंय एवढं मशीनला कळावं, इतकीच इच्छा.

गेल्या महिन्याच्या एक तारखेला यादी छापून आली. पहिल्या जागेवर 'धवले'. पुस्तकसूचीच्याही वर. मला वाटलं, मोजणीत चूक आहे. मावशींना विचारलं.

"मीच लावते की, रोज," त्या म्हणाल्या. "दादांचं वरीस झालं तवापास्नं. झाडताना ती सातबी लावते, परत पहिल्यापास्नं लावते. त्या भाषणावर हात जड होतो बाई, ह्यावर झाडू पळतो."

"आणि अध्यक्षांचा आदेश?"

"त्यांनी सांगितलं झाडताना लाव. काय लाव, ते आता कोन बघतंय?"

परवा अध्यक्ष कुणा पाहुण्याला घेऊन आले. पाहुण्याला 'वाचनसंस्कृती' ऐकवायची होती. त्यांनी स्वतः खुर्चीत बसून फाईल उघडली. चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. मशीनच्या आतून बारीक कुरकुर आली.

"काय झालं याला?" अध्यक्ष म्हणाले. "पूर्वी तर पटकन लागायचं. मला वाटतं, या यंत्राच्या बाबतीत एकदा मंडळाने सविस्तर..."

मी चष्मा कपाळावर सरकवला, डब्यावर डावा हात ठेवला आणि वाकून पत्र्याला कान लावला. दुसरा हात कधी वर गेला, मला कळलंही नाही.

"आधी ऐकून घेऊ," मी म्हणाले.

आणि अध्यक्ष गप्प बसले.